रोज रंगाचा एक हात

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाला वळसे घालीत वरंधा घाटाकडे निघतो, त्या वाटेवर हिर्डोशी आहे. शिवकाळात हिरडस मावळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखातील हे गाव. आषाढ लागला की समोरचे डोंगर धुक्यात दिसेनासे होतात, पाऊस दिवसरात्र कोसळत राहतो, घाटात दरड आली की वाहतूक थांबते आणि रस्त्यालगतच्या किराणा दुकानातील वर्दळ ओसरते. दोन पिढ्यांपासून येथे व्यापार करणाऱ्या एका जैन कुटुंबातील अण्णांना पावसाळ्याचे हे महिने नवे नाहीत. धान्याच्या पोत्यांना ओल लागली नाही ना हे पाहावे, उधारीची वही तपासावी, सामायिक करावे आणि दिवस मावळण्यापूर्वी जेवून घ्यावे, असा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. २०२५ च्या पावसाळ्यात मात्र त्या उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर काही वेगळ्याच नोंदी होऊ लागल्या. तारीख, हवा, रंग कोणता, कितवा हात, सुकण्यास लागलेला वेळ. या नोंदी एका लढाऊ विमानाच्या होत्या.

विमान म्हणजे अर्थात त्याची प्रतिकृती. मिग-२१ या विमानाची, एकास बहात्तर या प्रमाणातील. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, प्रतिकृतीत तो जेमतेम १० सेंटिमीटर भरतो. पुण्यात शिकणाऱ्या त्यांच्या नातीने वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून तो खोका विकत घेतला होता. आदल्या दिवाळीच्या सुटीत हिर्डोशीला आली असता तिने काम सुरू केले, वैमानिकाच्या आसनाची जागा रंगवली, धडाचे दोन अर्धे भाग जोडले, आणि सुटी संपली. जूनमध्ये ती बारावीत गेली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा द्यायची, वायुदलात जायचे, हे तिने घरात सांगून टाकले आणि अर्धवट राहिलेले विमान आजोबांच्या स्वाधीन केले. "आजोबा, पूर्ण नाही केलेत तरी चालेल, पण ओल लागू देऊ नका," एवढीच तिची विनंती होती.

घरात या निर्णयाने जे व्हायचे ते झाले. मुलीने सैन्यात जाण्यास आता कायद्याची आडकाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर प्रबोधिनीचे दार मुलींना उघडले, २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यांतील १७ मुली दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. ते छायाचित्र नातीने आपल्या अभ्यासाच्या टेबलासमोर लावले होते. आजींना त्या छायाचित्राचे कौतुक वाटले, पण परक्या मुलींचे कौतुक वेगळे. "मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली पाहून चालणारे आपण. आपल्या घरातील मुलीने बॉम्ब टाकायचे?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यामागे दुसरा एक प्रश्न होता जो त्या उच्चारत नसत. मुलगा आणि सून गोंधळलेले होते. अण्णांना कोणी काही विचारले नाही. त्यांनी खोका उघडला तो कोणाची बाजू घ्यायची म्हणून नव्हे. हाती घेतलेले काम अर्धवट पडलेले त्यांना पाहवत नाही, हे एक कारण. दुसरे, जिच्याविषयी घरात इतके बोलले जात होते ती वस्तू एकदा जवळून पाहावी असे त्यांना वाटले.

प्रतिकृतीचे सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीत काड्यांना जोडलेले येतात. ते बारीक कटरने सोडवायचे, राहिलेला काडीचा डाग कानशीने घासायचा, मग पॉलिश पेपर फिरवायचा. कारखान्यात साच्यातून सुटावेत म्हणून या भागांवर जो चिकट अंश असतो तो साबणाच्या पाण्याने धुतला नाही तर त्यावर रंग धरत नाही. जोडांत फट राहिली तर रंगारी लाकडात भरतात तशी लांबी भरायची आणि वाळल्यावर पुन्हा घासायची. मिगची शेपटी जड असते. पुढच्या भागात वजन घातले नाही तर प्रतिकृती चाकांवर उभी न राहता मागे कलंडते. अण्णांनी सायकलच्या दुकानातून लहान छर्रे आणले आणि केशर-वेलदोडे तोलण्याच्या वडिलांच्या वेळच्या काट्यावर ते मोजून नाकाच्या शंकूत बसवले. त्या काट्याने कधी काळी लढाऊ विमानाचा तोल साधला जाईल, हे वडिलांच्या स्वप्नातही आले नसते.

खरी अडचण रंगाच्या वेळी आली. बहुतेक हौशी मंडळी अशा प्रतिकृतींना हवेच्या दाबाने रंग फवारणारे यंत्र वापरतात. ते यंत्र हिर्डोशीत नव्हते, आणि विजेच्या भरवशावर चालणारी वस्तू आणण्यात पावसाळ्यात अर्थ नव्हता. तेव्हा ब्रश. पण ब्रश कोणाच्या केसांचा? उत्तम ब्रश म्हणून ज्याची ख्याती आहे तो कोलिन्स्की जातीचा ब्रश सायबेरियातील मुंगसासारख्या एका लहान प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. खारीच्या केसांचे ब्रश असतात, डुकराच्या केसांचे असतात. आपल्या देशात चित्रकारांचे कित्येक ब्रश मुंगसाच्या केसांपासून बनवले जात. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले असूनही हा व्यापार चालू राहिला, आणि २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोला 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या नावाने देशभर छापे घालावे लागले. एका ब्रशपुरते केस मिळवण्यासाठी प्राणी मारला जातो, हे ज्याला माहीत आहे त्याच्या हातून तो ब्रश सहज चालत नाही.

पुण्याहून मागवलेले तीन ब्रश कृत्रिम धाग्यांचे असल्याचे वेष्टणावर लिहिले होते. अण्णांनी लिहिलेल्यावर विसंबून न राहता एक तंतू उपटून काडेपेटीच्या ज्योतीवर धरला. केस असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख होते. नायलॉन असेल तर वितळून त्याची बारीक गाठ होते. गाठ झाली. मग त्यांनी गोंदाची चौकशी केली, कारण सुतारकामातील सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात हे त्यांना ठाऊक होते. प्रतिकृती जोडण्याचा द्राव निराळा निघाला. तो प्लॅस्टिकच किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो. आजी दारातून हे सर्व पाहत होत्या. "ब्रशाच्या केसाची एवढी चिकित्सा, आणि रंगवताय काय तर बॉम्ब टाकणारे विमान," त्या म्हणाल्या. अण्णांकडे यावर उत्तर नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

पहिला प्रयत्न फसला. दुकानाच्या फळ्या रंगवाव्यात तसा त्यांनी घट्ट रंग घेतला आणि एका दमात पंख झाकून टाकला. कोठे पातळ दिसले म्हणून अर्धवट सुकलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवला. रंग सोलला गेला, त्याच्या गुठळ्या झाल्या आणि धातूच्या पत्र्यांच्या जोडरेषा, ज्या त्या साच्यात केसाइतक्या बारीक कोरलेल्या असतात, बुजून गेल्या. स्पिरिट आणि दात घासण्याचा जुना ब्रश घेऊन दोन दिवस तो रंग काढावा लागला. वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: "घाई. सर्व खरवडले."

त्यानंतर त्यांना हातरंगाची रीत समजत गेली. रंग दुधाइतका पातळ करायचा. चपट्या ब्रशाच्या टोकालाच तो घ्यायचा, जास्तीचा कागदावर टिपायचा. एका दिशेने एकदाच ब्रश ओढायचा आणि हात उचलायचा. पहिल्या हातानंतर पृष्ठभाग इतका विद्रूप, ठिगळ-ठिगळ दिसतो की सर्व बिघडले असे वाटते. तेथे हात आवरणे हीच कसोटी. दुसऱ्या दिवशी पूर्ण सुकल्यावर दुसरा हात द्यायचा, तो पहिल्याच्या काटकोनात. तिसऱ्या हाताला रंग सारखा दिसू लागतो, चौथ्या-पाचव्याला भरतो. मधे एखादा कण चिकटला असेल तर अतिबारीक पॉलिश पेपर ओला करून हलकेच फिरवायचा. उन्हाळ्यात हे पाण्यात मिसळणारे रंग ब्रशावरच सुकू लागतात आणि ओढलेल्या रेषा तशाच राहतात. हिर्डोशीच्या पावसाळी हवेत पाण्याचा अंश सावकाश उडतो, आणि तेवढ्या वेळात ब्रशाच्या रेषा आपोआप सपाट होतात. ज्या ओलीपासून धान्य वाचवण्यात अण्णांचे आयुष्य गेले ती येथे त्यांच्या कामी आली.

दुसरा एक नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला. संध्याकाळी दिवा लागला की पावसाळ्यात त्याभोवती पाखरे आणि चिलटे जमतात. ओल्या रंगावर ती बसली तर चिकटून मरतात. म्हणून दिवस मावळल्यावर ब्रश हाती घ्यायचा नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा जो नेम तोच रंगाला लागू झाला. ढगाळ दिवसांत खिडकीपाशी चांगला उजेड दुपारी दोन-तीन तास मिळे. तेवढ्यात रंगाचा एक हात होई. रोज एकच. नातीचा फोन आला की ती विचारी, "आजोबा, कुठपर्यंत आले?" अण्णा सांगत, "डाव्या पंखाचा तिसरा हात." तीही मग आपल्या गणिताच्या कोणत्या प्रकरणाचा कितवा हात झाला ते सांगू लागली.

रंग कोणता द्यायचा हा प्रश्न होताच. मिग-२१ भारतात १९६३ मध्ये चंडीगड येथे दाखल झाले, तेव्हा ती विमाने रंगाविना, धातूच्या चकाकीची होती. चंदेरी रंग ब्रशाने देणे फार अवघड. त्यातील धातूचे कण ब्रशाच्या प्रत्येक ओढीची साक्ष देत राहतात. पण १९७१ च्या युद्धाच्या सुमारास ही चकाकी शत्रूच्या नजरेस पडू नये म्हणून तुकड्यांनी आपापल्या तळांवर, उपलब्ध रंगांतून, विमानांवर हिरवे पट्टे आणि छटा चढवल्या. कारखान्यातून निघाल्यासारखी सफाई त्यांत नव्हती. एका विमानाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नसत. नातीने पाठवलेली ती जुनी छायाचित्रे पाहून अण्णांनी १९७१ चे रूप निवडले. अशा विमानावर रंगाची कडा किंचित हलली तर तो दोष ठरत नाही.

पलीकडच्या वाडीतील एक गृहस्थ वायुदलातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेले. चहापूड घ्यायला आले असता त्यांची नजर खिडकीकडे गेली. "अण्णा, हे मिग आहे," ते म्हणाले, आणि छत्री मिटून आत आले. त्यांनी प्रतिकृतीला हात लावला नाही. पंखाच्या मुळाशी बोट दाखवून म्हणाले, "येथे पाय ठेवायचा नाही. तशी अक्षरे असतात." ही विमाने नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होत, इंजिने ओडिशातील कोरापुट येथून येत, हे त्यांनीच सांगितले. आपल्या महाराष्ट्रातील शेकडो कामगारांच्या हातांनी हे पत्रे जोडले गेले, ही गोष्ट अण्णांना ठाऊक नव्हती. जाताना ते गृहस्थ दारात थांबले. "विमान वर गेले की आमचे कान आकाशाकडे, अण्णा. गेली तेवढी परत आली की मग चहा." इतके बोलून ते पावसात निघून गेले.

आजी आतल्या खोलीत होत्या. त्यांनी ते ऐकले असावे, कारण त्या रात्री त्यांनी प्रथमच तो दुसरा प्रश्न उच्चारला. "आणि परत नाही आले तर?" मिग-२१ विषयी वर्तमानपत्रांत काय छापून येत असे हे त्यांना माहीत होते. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले होते की तोवर मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिकांनी प्राण गमावले. आजींच्या मनात आकडा नव्हता, एक नाव होते. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगढ येथे मिग-२१ च्या रात्रीच्या उड्डाणात तो तरुण गेला, आणि त्याच्या आई कविता गाडगीळ यांनी पुढे वैमानिकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. त्या माउलीचे छायाचित्र आजींनी तेव्हा वर्तमानपत्रात पाहिले होते. "तिचे बोलणे वाचले तेव्हा आपला मुलगा दुकानात बसतो याचे मला बरे वाटले होते. असे वाटणे हेही पापच ना?" त्यांनी विचारले. अण्णा गप्प राहिले. अहिंसेचा प्रश्न आजींनी खोटेपणाने काढला नव्हता. पण त्याच्या आड भीती उभी होती, आणि भीती सांगण्यापेक्षा तत्त्व सांगणे सोपे जाते.

अण्णांच्या मनातील घोळ मात्र तत्त्वाचाच होता. गृहस्थाच्या हिंसेचे शास्त्रात चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून, मारण्याच्याच हेतूने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने सर्वथा सोडायची. स्वयंपाक-पाण्यात होणारी आरंभी, उपजीविकेत होणारी उद्योगी आणि स्वतःच्या वा आश्रितांच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडणारी विरोधी, यांना संयमाने मर्यादा घालायची. श्रवणबेळगोळ येथे दहाव्या शतकात गोमटेश्वराची मूर्ती उभारणारा चावुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता. त्या मूर्तीच्या पायाशी मराठीत त्याचे नाव कोरलेले आहे. हे सर्व अण्णांनी वाचलेले होते. परंतु वाचलेले वेगळे आणि आपल्या नातीच्या हाती विमानाची कळ असणे वेगळे. भोरला चातुर्मासासाठी आलेल्या साध्वीजींना विचारावे असे त्यांच्या मनात दोनदा आले, आणि दोन्ही वेळा ते वंदन करून परतले. उत्तर कोणतेही मिळाले असते तरी ते नातीला सांगण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते.

फोनवर एकदा तो विषय निघालाच. नातीने १४ डिसेंबर १९७१ ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी मिग-२१ विमानांनी ढाक्यातील राज्यपालांच्या निवासस्थानावर रॉकेटमारा केला. राज्यपालांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.

"म्हणजे युद्ध थांबले, आजोबा. आणखी महिनाभर चालले असते तर किती माणसे गेली असती?"

"खरे आहे. पण त्या इमारतीतही माणसे होती, बाळा."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही असे म्हणालात हे बरे झाले. क्लासमध्ये कोणी असे म्हणत नाही."

पर्युषणाच्या दिवसांत अण्णांनी ब्रश हाती घेतला नाही. विमान एका तबकात ठेवून त्यावर कापड झाकले होते. संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपल्यावर आजींनी स्वतः नातीला फोन लावला. "मिच्छामि दुक्कडम्. तुला लागेल असे मी बोलले," त्या म्हणाल्या. पलीकडून नातीनेही क्षमा मागितली. परीक्षेविषयी दोघी काही बोलल्या नाहीत. फोन ठेवल्यावर आजी म्हणाल्या, "क्षमा मागितली म्हणजे परवानगी दिली असे नव्हे." आणि थोड्या वेळाने, "पण अभ्यास चालू आहे तिचा, आवाज थकलेला होता."

सप्टेंबरात उरलेली कामे झाली. पोटाकडील फिकट करड्या रंगाचे तीन हात आणि वरील हिरव्याचे पाच आधीच झाले होते. आता मातकट काळ्या रंगाचे अतिशय पातळ पाणी करून ते पत्र्यांच्या जोडरेषांत सोडले आणि वरचेवर टिपून घेतले. त्याने बुजलेल्या भासणाऱ्या रेषा पुन्हा उठून दिसल्या. मग पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हे. आत हिरवे, मधे पांढरे, बाहेर केशरी असे वायुदलाचे वर्तुळ पंखावर बसले तेव्हा इतके दिवस प्लॅस्टिक असलेली ती वस्तू एकाएकी कोणाची तरी झाली. पंखाच्या मुळाशी पाय न ठेवण्याची सूचना होती, मोहरीच्या दाण्याहून लहान अक्षरांत. ती लावताना अण्णांना श्वास रोखून धरावा लागला.

शेवटी वैमानिकाच्या बैठकीवरील काच राहिली. ती बंद चिकटवता येते किंवा उघडी. अण्णा भिंग लावून बसलेले असताना आजी प्रथमच अगदी जवळ आल्या. त्यांनी चष्मा सावरून आत डोकावले. नातीने दिवाळीत रंगवलेले आसन, त्यावरील धाग्यासारखे पट्टे, पुढचा काळा फलक.

"एवढ्याशा जागेत माणूस बसतो?"

"खऱ्या विमानातही अशीच अडचण असते म्हणे."

आजी पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, काच बंद करू नका. उघडीच असू द्या."

काच उघडी चिकटवली गेली. वहीत त्या दिवशी हवेची नोंद "उघाड" अशी आहे.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ ला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. ६२ वर्षांची सेवा संपली. दुकानातील लहान टीव्हीवर अण्णा, आजी आणि निवृत्त तंत्रज्ञ गृहस्थ ते दृश्य पाहत होते. गृहस्थ उभे राहून पाहत होते. नात ज्या विमानाच्या वेडाने या वाटेला लागली ते विमान ती कधीच चालवणार नव्हती. २०१८ मध्ये अवनी चतुर्वेदी यांनी एकटीने लढाऊ विमान चालवून भारतीय स्त्रियांत पहिला मान मिळवला, तो याच मिग-२१ वर. आजींनी ते ऐकून विचारले, "आणि ती मुलगी सुखरूप आहे ना?" गृहस्थांनी मान हलवली. "मग चहा टाकते," त्या म्हणाल्या.

परीक्षा आटोपून नात त्यानंतरच्या रविवारी आली. निकाल लागायचा होता, आणि लेखी परीक्षेत उत्तीर्ण झालीच तरी पुढे मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होती. तिने विमान खिडकीपाशी नेले आणि उजेडात तिरपे धरून पंखाकडे पाहिले. ब्रशाची रेष शोधण्याची ती रीत तिला ठाऊक होती. उजव्या पंखावर एक सापडली. "ही राहिली," ती हसून म्हणाली. "तो चौथा हात. त्या दिवशी लाइट गेले, पाऊस अंधारून आला, आणि मी घाई केली," अण्णांनी कबूल केले. वही पाहिली तर तशी नोंद होतीच.

मग तिचे लक्ष पंखांच्या खाली गेले. तेथे क्षेपणास्त्रे अडकवण्याच्या जागा रिकाम्या होत्या. खोक्यात तिने पाहिले. दोन क्षेपणास्त्रे आणि रॉकेटच्या नळ्या चौकटीत तशाच होत्या, काड्यांना जोडलेल्या, न रंगवलेल्या. अण्णांनी त्यांना कटर लावला नव्हता.

"आजोबा, हे राहिले की."

"राहिले नाही. तेवढे ठेवले आहे. विमान तुझे आहे. लावायचे की नाही, ते तू ठरव. आज नव्हे. केव्हाही."

तिने चौकट हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा खोक्यात ठेवली. आजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. कोणीच काही बोलले नाही. चारच्या एसटीने नात भोरला आणि तेथून पुण्याला गेली. जाताना आजींनी तिच्या पिशवीत खाकऱ्याचा डबा ठेवला आणि तिसऱ्यांदा सांगितले की पोहोचल्यावर फोन कर.

विमान आता दुकानाच्या काचेच्या कपाटात, वडिलांच्या काट्याशेजारी उभे आहे. मुले किंमत विचारतात, तेव्हा ते विकायचे नाही असे अण्णा सांगतात. आठवड्यातून एकदा आजी त्यावरची धूळ मऊ कापडाने झटकतात. उघड्या काचेला धक्का लागणार नाही याची काळजी त्या घेतात. तीनही ब्रश धुऊन, टोके सरळ करून, टोपणे लावून ठेवलेले आहेत. खोक्यातील ती चौकट अजून तशीच आहे.